संत्र्याची फळगळ: 'ॲबसिशन' म्हणजे नेमके काय?

फळगळीवरील माहिती वाचताना 'ॲबसिशन' हा शब्द तुमच्या नजरेस आला असेल. तो लॅटिन भाषेतील आहे. 'ॲब' म्हणजे पासून दूर आणि 'स्किंदेरे' म्हणजे कापणे. संस्कृतमधील 'छिद्' हा धातू याच कुळातला; आपले छेद, विच्छेद हे शब्द त्यातूनच आले. थोडक्यात, ॲबसिशन म्हणजे कापून वेगळे करणे.

नागपुरी संत्र्याच्या बागेत हा अर्थ उपयोगी पडतो. बहुतेक फळे वजनाने किंवा वाऱ्याने तुटत नाहीत, झाडच त्यांना कापून टाकते. देठाजवळ पेशींचा एक पातळ थर असतो. फळाकडून ऑक्झिन हे संजीवक येत राहते तोवर हा थर घट्ट असतो. ऑक्झिन कमी होऊन इथिलिन वाढले, की पेशींना जोडणारा पदार्थ विरघळतो आणि फळ सुटते. हे काम जिवंत पेशींचे आहे. म्हणूनच अचानक वाळलेल्या फांदीवर पाने तशीच लटकून राहतात.

गळलेले फळ उचलून पाहा. लहान फळे साधारणपणे देठासह गळतात. त्यातली बरीचशी गळ नैसर्गिक असते, कारण झाड सगळी फळे पोसू शकत नाही. मोठे फळ मात्र हिरवी चकती फांदीवर सोडून गळते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आंबिया बहाराची अशी फळे गळू लागली, तर कारण शोधा. सालीवर छिद्र व भोवती सड असल्यास रस शोषणाऱ्या पतंगाची शक्यता तपासा. फळ निरोगी असेल, तर मुळांकडे पाहा. साचलेल्या पाण्यात मुळे गुदमरली, की झाड फळे सोडू लागते.

काय करावे?
- चर काढून पाण्याचा निचरा करा, जमीन वाफशावर ठेवा.
- गळलेली फळे गोळा करून खोल पुरा.
- जिबरेलिक ॲसिड १.५ ग्रॅम व युरिया १ किलो प्रति १०० लिटर पाणी याप्रमाणे फवारा. जिबरेलिक ॲसिड आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा.
- याच कामासाठी २,४-डी देखील वापरतात, पण ते मुळात तणनाशक आहे. शेजारी कपाशी असल्यास टाळा. वाऱ्याने उडालेल्या तुषारांनीही कपाशीची पाने आकसतात.

फवारणी देठाचा थर काही काळ घट्ट ठेवते. बागेत पाणी साचलेलेच राहिले, तर झाड पुन्हा फळे कापू लागेल. म्हणून आधी निचरा, मग फवारणी.