वाण्याची पुडी आणि देवीची ओटी

पितृपंधरवडा सरत आला, की लातूरच्या गंजगोलाईतील बाजाराचा नूर पालटतो. निजामी राजवटीत, १९१७ साली, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार उभारलेल्या या दुमजली वर्तुळाकार वास्तूच्या मध्यभागी जगदंबेचे मंदिर आहे आणि तेथून सोळा रस्ते फुटतात. कोठे सोने, कोठे पादत्राणे, कोठे मिरची तर कोठे गूळ, अशी मालाची वाटणी. औसा-निलंग्याकडून आलेल्या कुटुंबाला पत्ता पुसत फिरावे लागत नाही आणि एका मालाची दुकाने शेजारी-शेजारी असल्याने भावाची पारख चार पावलांत होते.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी येथे जाणत्या वाण्याचे कसब पाहावे. यादी हाती पडताच तो माल काढीत नाही, आधी विचारतो, “काकू, उपवास नऊ दिवसांचा की उठता-बसता? नंदादीप अखंड आहे ना?” या दोन प्रश्नांत त्याला घरचे सारे कुळाचार कळतात. उठता-बसता असेल तर भगर बेताची. नऊ दिवसांचा असेल तर शेंगदाणे, राजगिरा, साबुदाणाही हवा. दिवा अखंड असेल तर तेलाचा डबाच काढावा लागतो. माउली विसरली तरी सप्तधान्याची पुडी आणि जाड वाती तो आठवणीने बांधतो. बाजारशास्त्राची जाडजूड पुस्तके जे सांगतात, ते या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

पण गिऱ्हाईक मागते ते आणि त्याला हवे असते ते, या दोहोंत अंतर असते. भगरीचेच पाहा. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये एका धार्मिक कार्यक्रमात भगर-आमटीचा प्रसाद घेतल्यावर सुमारे दोन हजार भाविकांना विषबाधा झाली. भगर ओल धरते, तिला बुरशी लवकर लागते आणि पीठ करून ठेवले तर अधिकच लवकर. म्हणून सुटी भगर वा तिचे तयार पीठ घेऊ नये, पाकिटावरील तारीख पाहावी, निवडून-धुऊन घरीच दळावी, असे अन्न व औषध प्रशासन सणासुदीला बजावीत असते. गृहिणी मागते ‘एक किलो भगर’. तिची खरी गरज असते ती घरच्या व्रतस्थ माणसांच्या पोटाला न बाधणाऱ्या अन्नाची. गेल्या सणाचे उरलेले पोते पुढे ढकलणारा दुकानदार मागणी पुरी करतो, गरज मात्र मारतो.

दोष एकट्या दुकानदाराचा नव्हे. ‘पूजेची सुपारी’ म्हणून एक बारीक, किडकी जात बाजारात असते. ती कोणी खात नाही. दिव्याच्या तेलाच्या बाटलीवर ‘खाण्यासाठी नाही’ असे छापलेले असते. ओटीच्या खणाची कथा तर विलक्षण! खण म्हणजे एका चोळीचे कापड. आता मात्र असे विरविरीत, अपुरे खण मिळतात, की ते शिवायला कोणी टाकीत नाही. एका ओटीतून दुसऱ्या ओटीत त्यांचा प्रवास चालू राहतो. हे वाण व्यापाऱ्याला सुचले कोठून? ‘द्यायलाच तर हवा आहे, स्वस्तातला दाखवा,’ हे वाक्य त्याने आपल्याच तोंडून हजारदा ऐकले. (नैवेद्याच्या पुरणाला मात्र आपण डाळ पारखून घेतो!) दोन्ही खण समोर ठेवून, “वहिनी, हा शिवता येईल, हा येणार नाही,” असे स्पष्ट सांगणारे कापडवाले आजही आहेत. त्यांच्याकडची गर्दी कमी असते, पण गिऱ्हाईक सहसा तुटत नाही.

नांदेड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, साडेतीन पीठांपैकी एक असलेल्या माहूरगडावर, रेणुकामातेचा प्रसाद म्हणजे तांबूल. विड्याची पाने, कात, चुना, सुपारी आणि सुगंधी मसाला खलात घालून भाविकांच्या डोळ्यांदेखत कुटतात, त्यामुळे आत काय पडले याची शंका राहत नाही. विडा चावायला दात लागतात. तांबुलाला लागत नाहीत. गुडघे धरीत पायऱ्या चढून आलेली बोळक्या तोंडाची आजीही तो जिभेवर घोळवीत उतरते आणि उरलेला, गड चढू न शकलेल्या शेजारणीसाठी, पदराच्या गाठीत बांधून घेते.