यीस्टनं सोडवलेला गुंता

पावाचं पीठ फुगवणाऱ्या यीस्टमध्ये 16 गुणसूत्रं आणि सुमारे 6,000 जनुकं असतात. साखर बदलली, फॉस्फेट कमी पडलं की यातली काही जनुकं चालू होतात, काही बंद. हे कसं ठरतं, याचं निम्मं उत्तर बराच काळ नजरेआड राहिलं. ते डीएनएत नव्हतं, डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांत होतं.

आठ हिस्टोन एकत्र येतात आणि त्यांच्याभोवती, रिळावर दोरा गुंडाळावा तसे, डीएनएचे पावणेदोन वेढे बसतात. हा झाला न्यूक्लिओसोम. एवढा लांब रेणू इवल्याशा केंद्रकात मावावा म्हणून केलेली ही सोय, असंच बहुतेकांना वाटे. हिस्टोन जनुकांच्या नियंत्रणातही भाग घेत असावेत, असा वेगळा विचार जीवरसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट ऑल्फ्री यांनी 1964 मध्येच मांडला होता, पण सज्जड पुरावा नव्हता.

तो पुरावा लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल ग्रुन्स्टीन यांच्या प्रयोगशाळेत मिळाला. एच4 हिस्टोनचं जनुक गॅलॅक्टोजवर चालेल आणि ग्लुकोज मिळताच बंद पडेल, असा बदल त्यांनी यीस्टमध्ये केला. मग पेशींना ग्लुकोज दिलं. नवं एच4 बनेना, न्यूक्लिओसोम विरळ होत गेले आणि पीएचओ5 हे जनुक सुरू झालं! एरवी ते फॉस्फेटच्या टंचाईतच जागं होतं. इथे तर फॉस्फेट मुबलक होतं. म्हणजे ही गुंडाळीच जनुकाला दाबून ठेवत होती. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाइतका नेटका प्रयोग जीवशास्त्रात क्वचितच आढळतो. तो यीस्टमध्येच जमण्यासारखा होता, कारण त्यात एच4 च्या जनुकाच्या दोनच प्रती असतात. माणसात त्या कितीतरी जास्त.

मग ही पकड सैल कोण करतं? 1996 मध्ये डेव्हिड अ‍ॅलिस यांच्या गटानं टेट्राहायमेना या गोड्या पाण्यातल्या एकपेशीय जीवातून हिस्टोनवर अ‍ॅसिटिल गट चढवणारं विकर वेगळं केलं. ते यीस्टच्या जीसीएन5 या प्रथिनाशी जुळलं आणि जीसीएन5 जनुकं चालू करायला मदत करतं, हे तर आधीच ठाऊक होतं. अ‍ॅसिटिल चढला की हिस्टोनच्या शेपटीवरचा धनप्रभार घटतो, ऋणप्रभारित डीएनएवरची पकड ढिली होते. शिवाय ती खूण ओळखणारी प्रथिनंही तिथे येतात. त्याच वर्षी स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाला माणसात अ‍ॅसिटिल काढून टाकणारं विकर सापडलं. तेही यीस्टच्या आरपीडी3 शी मिळतंजुळतं निघालं.

एसडब्ल्यूआय/एसएनएफ हा प्रथिनसमूहही प्रथम यीस्टमध्येच उमगला. तो एटीपीची ऊर्जा खर्चून न्यूक्लिओसोम सरकवतो. माणसाच्या सुमारे एक पंचमांश कर्करोगांत त्याच्या जनुकांमध्ये बिघाड आढळतो.

यीस्टवरच्या संशोधनाचा रुग्णाला काय उपयोग, असं विचारणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा. अ‍ॅसिटिल काढणाऱ्या विकरांना रोखणारं व्होरिनोस्टॅट हे औषध 2006 मध्ये अमेरिकेत त्वचेच्या एका लिम्फोमासाठी मंजूर झालं.