नुसते 'जंत' लिहून भागत नाही

बँकेतल्या कारकुनाने शौचाच्या तपासणीवर का लिहावे, असे वाचक म्हणतील. आमची भाची शेतात अनवाणी राबणारी. दोन वर्षे तिला दम लागत होता. लोहाच्या गोळ्या घेतल्या की बरे वाटे, थांबवल्या की पुन्हा तेच. केसपेपरवर 'पोटात जंत' एवढेच लिहिलेले. शौच तपासा, असे कुणी सांगितले नाही आणि लाजेपोटी आम्हीही विचारले नाही. अखेर तपासले तेव्हा अंकुशकृमीची अंडी निघाली. ह्या कृमीच्या अळ्या मातीतून तळपायाच्या कातडीवाटे शरीरात शिरतात. मोठा झालेला कृमी आतड्याला चिकटून रक्त पितो.

व्हाउचर कोणत्या खात्याचे ते कळले नाही, की आम्ही ती रक्कम 'सस्पेन्स'ला टाकतो. रोगांच्या जागतिक वर्गीकरणाच्या, म्हणजे आयसीडीच्या, दहाव्या आवृत्तीतही असे एक खाते आहे : बी ८२.०, आतड्यातील कृमी, प्रकार न सांगितलेला. नुसते 'जंत' लिहिले की नोंद तेथे जाऊन पडते. वास्तविक अंकुशकृमीला बी ७६, मोठ्या गोल जंताला बी ७७, चाबकासारख्या कृमीला बी ७९ आणि सुतासारख्या बारीक जंताला बी ८० अशी स्वतंत्र खाती आहेत. जिआर्डिया तर जंतच नव्हे, तो एकपेशीय जीव. त्याचे खाते ए ०७.१. (१ जानेवारी २०२२ पासून अकरावी आवृत्ती लागू झाली आहे, तिचे आकडे निराळे, पण अनेक ठिकाणी अजून दहावीच चालते.)

खाते ठरते ते सूक्ष्मदर्शकाखाली. गोल जंताचे अंडे खडबडीत सालीचे, चाबूककृमीचे दोन्ही टोकांना बुचे असलेल्या पिंपासारखे, अंकुशकृमीचे पातळ व पारदर्शक कवचाचे. नमुना ताजा हवा, कारण अंकुशकृमीची अंडी ठेवली तर फुटून अळ्या निघतात. त्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नये. एका तपासणीत काही दिसले नाही म्हणून सुटलो असे नाही. वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने देणे बरे. बारीक जंताची अंडी मात्र शौचात क्वचितच सापडतात. त्यासाठी सकाळी अंघोळीपूर्वी गुदद्वाराजवळ चिकटपट्टी लावून ती काचेवर पाहतात. आमच्या मेहुण्यांनी भाचीची डबी तीन पिशव्यांत गुंडाळून नेली होती, जणू चोरीचा माल!

राष्ट्रीय जंतनाशक दिनी, २०१५ पासून, १ ते १९ वयाच्या मुलांना न तपासता गोळी देतात, ते योग्यच आहे. पण एका गोळीने चाबूककृमी पुष्कळदा जात नाही आणि जिआर्डियाचे औषध वेगळे असते.

अंकुशकृमीच्या दोन मुख्य जाती आहेत, पण नुसत्या अंड्यांवरून त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. म्हणून भाचीच्या केसपेपरवर बी ७६.९, म्हणजे 'जात न सांगितलेली', असेच आले. ही नोंद आळसाची नव्हे, जेवढे दिसले तेवढ्याचीच आहे. त्याखाली रक्त झिरपत गेल्याने झालेल्या पांडुरोगाची डी ५०.० ही दुसरी नोंद आहे. जंताचे औषध झाले, लोहाच्या गोळ्या आणखी काही महिने चालतील. चपला आम्हीच घेऊन दिल्या.