पोटाचा घेर आणि शरीरातील सुप्त दाह

सोलापूर - वजन बेताचे, अंगकाठी किरकोळ. तरीही रक्तातील साखर वाढलेली. तपासणीचा असा अहवाल हाती पडला, की ''आम्ही तर लठ्ठ नाही, मग मधुमेह कसा?'' असा प्रश्न घरोघरी विचारला जातो. त्याचे बरेचसे उत्तर शरीरातील चरबी आणि तिच्यात धुमसणारा दाह यांच्या नात्यात दडलेले आहे.

दाह हा मुळात शरीराचा संरक्षक. जखम किंवा जंतुसंसर्ग झाला, की रोगप्रतिकारक पेशी तेथे धाव घेतात; ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. या लढाईला ऊर्जा लागते. ताप १ अंश सेल्सिअसने वाढल्यास शरीराचा ऊर्जाव्यय साधारणतः १० ते १३ टक्क्यांनी वाढतो आणि भूक मंदावते. क्षयरोगी खंगत जातो, त्यामागील एक कारण हेच.

स्थूलतेतील दाह मात्र निराळा. त्यात ना ताप, ना वेदना. पण तो वर्षानुवर्षे चालू राहतो. चरबी म्हणजे केवळ ऊर्जेचे कोठार, असा पूर्वी समज होता. १९९३ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी स्थूल उंदरांच्या चरबीत 'टीएनएफ-अल्फा' हे दाहकारक रसायन वाढल्याचे दाखविले आणि हा समज ढळला. प्रमाणाबाहेर फुगलेल्या मेदपेशींभोवती रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात, हेही २००३ मध्ये स्पष्ट झाले.

ही रसायने इन्शुलिनच्या कार्यात अडथळा आणतात. स्नायू साखर पुरेशी शोषून घेत नाहीत, यकृत साखर बनवीतच राहते आणि चरबीतून सुटलेली मेदाम्ले यकृतात साचतात. रक्तात इंधन भरपूर, पण त्याचा विनियोग नीट नाही, अशी ही अवस्था. पोट भरल्याचा संदेश मेंदूला देणाऱ्या 'लेप्टिन' या संप्रेरकाचा प्रभावही स्थूलतेत क्षीण होतो.

किरकोळ माणसाचे काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंची आणि वजनावरून काढला जाणारा शरीरभार निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, चरबी मात्र डॉ. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून मेदयुक्त अशी आपली ठेवण आहे. त्याआधी १९९९ मध्ये याच संशोधकांना शहरी भारतीयांच्या रक्तात दाहकारक रसायने आणि लेप्टिन यांचे प्रमाण ग्रामीण भारतीयांपेक्षा अधिक आढळले होते.

बार्शी, मोहोळ, अक्कलकोटकडून शेती सोडून शहरात स्थिरावलेल्या कुटुंबांनी हा निष्कर्ष विशेष ध्यानात घ्यावा. कष्ट सुटले, आहार मात्र तेवढाच राहिला किंवा वाढला, तर वजनकाट्यापूर्वी कमरपट्टाच इशारा देतो.

काय करावे?

- कमरेचा घेर मोजावा. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. घेर त्याहून अधिक असल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी.

- रोज भरभर चालावे. काम करणारे स्नायू इन्शुलिनची फारशी मदत न घेताही साखर ओढून घेतात.

- ज्वारीची भाकरी, कडधान्ये, पालेभाज्या यांना ताटात अग्रक्रम द्यावा. शेंगाचटणी पौष्टिक खरी. पण तीत ऊर्जाही भरपूर, तेव्हा प्रमाण सांभाळावे.

- धूम्रपान टाळावे आणि झोप पुरेशी घ्यावी. जागरण व धूर दोन्ही दाहाला खतपाणी घालतात.

- दाह शमविण्यासाठी मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. त्या या विकारावरील उपाय नव्हेत. उलट मूत्रपिंडाला अपाय होऊ शकतो.

वजन थोडे उतरले, तरी चरबीतील हा दाह ओसरू लागतो आणि इन्शुलिनचे कार्य सुधारते. त्यासाठी सडपातळ दिसणाऱ्यांनीही आधी टेप हाती घेणे श्रेयस्कर.