मैदान, शाळा आणि स्वयंपाकघर

बर्मिंगहॅम येथे 2022 साली झालेल्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीचे सुवर्णपदक अविनाश साबळे यांच्या हातून निसटले ते अवघ्या पाच शतांश सेकंदाने. 1998 पासून या शर्यतीतील एकही पदक केनियाबाहेर गेले नव्हते. ते रौप्यपदक बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातील मांडवा गावी आले आणि पुढच्याच वर्षी हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदकाची त्यात भर पडली. शेतकरी कुटुंबातला हा मुलगा लहानपणी रोज काही किलोमीटर अंतर तुडवीत शाळेला जाई. अडथळ्यांच्या शर्यतीशी त्याची गाठ पडली ती मात्र सैन्यात दाखल झाल्यानंतर. पायांत बळ आधीच होते. नियमित आहार, शिस्त आणि मार्गदर्शन यांची जोड तिथे मिळाली.

ही जोड मुलांना दहाव्या-बाराव्या वर्षीच, आपल्या गावाजवळ मिळू शकेल काय? मराठवाड्यातील पालकांनी विचारायला हवा असा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कोणत्याही एका इमारतीत सापडणार नाही.

आहे ते काय?

छत्रपती संभाजीनगर या बाबतीत रिकाम्या हातांचे शहर नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे, म्हणजे ‘साई’चे, राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र आहे. तेथे निवडलेल्या खेळाडूंना निवास, भोजन आणि प्रशिक्षण मिळते. गारखेडा भागात राज्य शासनाचे विभागीय क्रीडा संकुल आहे. विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे येतात. तेथील महाविद्यालयांतील क्रीडा विभाग एकमेकांशी स्पर्धांच्या निमित्ताने बांधलेले आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांत क्रीडा अधिकारी कार्यालये आहेत. व्यायामशाळा आणि क्रीडांगणांसाठी शासकीय अनुदानाच्या योजनाही आहेत.

आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ याच शहरात होणार, अशी घोषणा झाली होती. 2020 मध्ये ते पुण्यातील बालेवाडीला करण्याचे ठरले, तेव्हा येथील क्रीडाप्रेमी हळहळले. ती हळहळ स्वाभाविक होती. पण हाताशी असलेल्या या संस्था एकाच मुलासाठी एकत्र येतात का, हे पाहणे त्याहून निकडीचे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाने एखाद्या मुलीची चपळाई हेरली, पण पुढे तिला कोणाकडे न्यायचे हे त्याला ठाऊक नसेल, तर शहरातल्या धावपट्टीचा तिला काय उपयोग?

धाराशिवचा धडा

अशी साखळी जुळली की काय घडते, हे धाराशिवने खो-खोत दाखवले आहे. या खेळाला महागडे साहित्य लागत नाही. मोकळी जागा, दोन खांब आणि चिकाटीने शिकवणारा माणूस एवढे पुरते. तेथील सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने 2016 मध्ये गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला हा मान 22 वर्षांनी आला होता. पुढे त्या शासनाच्या सेवेत क्रीडा अधिकारी झाल्या. म्हणजे साखळीने घडवलेली खेळाडू स्वतःच साखळीची कडी बनली.

पुरस्काराच्या वेळी त्यांनी सांगितलेली एक गोष्ट आरोग्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. घरी दीर्घकाळ एकाच वेळच्या जेवणावर भागवावे लागे. शिबिर किंवा स्पर्धा असली की मगच चांगला आहार मिळे. मैदान मिळाले तरी ताट रिकामे असेल, तर त्या मैदानाचा लाभ अर्धाच.

आरोग्य विभाग हाही भागीदार

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) देशातील 15 ते 19 वर्षे वयाच्या सुमारे 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तात हिमोग्लोबिन कमी असलेली मुलगी धावताना लवकर दमते आणि आपण तिला आळशी ठरवतो. शाळांतून किशोरवयीनांना आठवड्याला लोहाची निळी गोळी मोफत देण्याची योजना आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून तपासणीही होते. शाळेतील क्रीडाशिक्षक आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांची नुसती ओळख झाली, तरी अनेक मुलींची वाट मोकळी होईल.

आईसलँडचा अनुभव येथे उद्बोधक आहे. 1990 च्या दशकात तेथील किशोरांमध्ये मद्य आणि तंबाखूचे प्रमाण चिंताजनक होते. शाळा, नगरपालिका, क्रीडा मंडळे आणि पालक यांनी एकत्र येऊन मुलांचा शाळेनंतरचा वेळ खेळ व कला यांनी भरून काढला. महिन्याभरात मद्याची नशा केल्याचे सांगणारी 15-16 वर्षांची मुले 1998 मध्ये 42 टक्के होती; 2016 मध्ये ती 5 टक्क्यांवर आली. गुटख्याच्या पुड्या शाळेच्या कुंपणापाशी पोहोचलेल्या आपल्या भागात याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

घराचा वाटा

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे अंगमेहनत करावी. हे सर्वच मुलांसाठी. त्यांतील मोजकीच पुढे स्पर्धेत उतरतील. जी उतरतील, त्यांच्याबाबत काही पथ्ये पाळावीत.

एकाच खेळाचा आठवड्याचा सराव मुलाच्या वयाच्या वर्षांइतक्या तासांहून अधिक नसावा; दहा वर्षांच्या मुलासाठी दहा तास पुष्कळ झाले. वाढत्या वयात गुडघ्याखालचे किंवा टाचेचे दुखणे अंगावर काढू देऊ नये. किशोरवयात रात्रीची आठ ते दहा तासांची झोप हवी. सराव करणाऱ्या मुलीची पाळी काही महिने थांबली, तर खाणे कष्टाला अपुरे पडत असल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. महागड्या प्रथिन-पावडरीच्या आधी बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, शेंगदाणे, दूध आणि खात असल्यास अंडी यांचा विचार करावा. जेवणात लिंबू असावे आणि जेवणालगतचा चहा टाळावा. त्यामुळे लोह अंगी लागते. उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार जातो तेव्हा, सराव पहाटे किंवा सूर्यास्तानंतरच ठेवावा.

दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण आणि शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, हेही पालकांनी जाणून घ्यावे. अभ्यासाच्या धास्तीने आठवीनंतर मैदान सोडणाऱ्या मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, घरी ही माहिती वेळेवर पोहोचत नाही.

शाळेची पुढची पालकसभा होईल तेव्हा गुणपत्रिकेबरोबर तीन प्रश्न विचारावेत: आमच्या मुलांना खेळाचा तास प्रत्यक्षात किती मिळतो? आरोग्य तपासणी शेवटची केव्हा झाली? आणि तालुक्याच्या क्रीडा अधिकाऱ्यांना शाळेत कधी बोलावणार?