तेरवीनंतर मुलांचे काय?

घरात मृत्यू झाला की नातेवाईक, शेजारी धावून येतात. मोठ्यांचे सांत्वन होते, मुलांना मात्र खेळायला पाठवले जाते. तेरवी झाली की येणेजाणे थांबते. मुलाचे प्रश्न अनेकदा त्यानंतरच सुरू होतात.

कोविडमध्ये आई-वडील दोघेही गमावलेल्या बालकांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये ५ लाख रुपयांची मुदत ठेव जाहीर केली. पैशाने पुढची सोय होते. मनातले बोलायला माणूस लागतो. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात १९८२ पासून ‘डगी सेंटर’ हेच काम करते. मेंदूतील गाठीमुळे १३व्या वर्षी दगावलेल्या मुलाचे नाव त्याला दिले आहे. जवळचे माणूस गमावलेली मुले तेथे गटाने भेटतात आणि प्रशिक्षित स्वयंसेवक त्यांच्यासोबत बसतात.

लकडगंजसारख्या वस्तीतही शाळेची खोली किंवा समाजभवन मिळाले तर असा गट चालू शकतो. कागद, रंग, चेंडू एवढे साहित्य पुरे. खरी गरज आहे ती ठरलेल्या दिवशी न चुकता येणाऱ्या माणसांची.

स्वयंसेवकाने उपदेश करायचा नसतो, ऐकायचे असते. मृत्यू कायमचा असतो, हे पाच वर्षांखालील मुलाला सहसा कळत नाही. त्याला ‘बाबा गावाला गेले’ सांगितले तर ते वाट पाहत बसते. ‘झोपले’ म्हटले तर झोपेचीच भीती बसते. ‘बाबा वारले, ते परत येणार नाहीत’ हे सौम्यपणे, पण स्पष्ट सांगावे. ‘मी हट्ट केला म्हणून आई गेली’ असेही मुलांना वाटते. तसे नसते, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. ‘आता तूच घरातला कर्ता’ हे वाक्य दहा वर्षांच्या मुलासमोर टाळावे. मूल आता रडले आणि घटकाभरात खेळू लागले, तर ते दुःख विसरले असे नाही. मुले दुःख तुकड्यातुकड्यांनी सोसतात.

काही नियम मात्र पाळावेच लागतात. आधी प्रशिक्षण घ्यावे. गटात कायम दोन मोठी माणसे असावीत. बोलायची सक्ती नको. मुलाने सांगितलेले बाहेर जाऊ नये; अपवाद फक्त त्याच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका असल्याचा. स्वतःचे दुःख ताजे असलेल्याने काही काळ थांबावे.

गट म्हणजे उपचार नव्हे. मूल शाळा टाळत असेल, झोप व भूक दीर्घकाळ बिघडली असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. मरणाची भाषा केली तर एक दिवसही थांबू नये. ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य उपलब्ध आहे.