थंडीत ट्रॅक्टर सुरू करताना

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा तापते, तिच्यात डिझेल पेटते. निफाडकडे पौषातल्या पहाटे गार सिलिंडर ही ऊब खाऊन टाकतो, मग नुसताच पांढरा धूर! हीटर असेल तर किल्ली त्या खुणेवर १५-२० सेकंद धरा. गिअर न्यूट्रलला, क्लच पूर्ण दाबलेला. म्हणजे गिअरपेटीतल्या घट्ट तेलाचा भार स्टार्टरवर येत नाही. स्टार्टर एका दमात १० सेकंदच मारा, मग अर्धा मिनिट थांबा; नाहीतर बॅटरी बसलीच म्हणून समजा. काहीजण चेंबरखाली जाळ करतात. ते मुळीच करू नका. ट्रॅक्टर जातो, माणूसही भाजतो. इंजिन लागले की लगेच रेस नको. चार-पाच मिनिटे हळू चालू द्या, मगच नांगर जमिनीत घाला.